‘मेक आऊट’: चेकपासून चुंबनापर्यंत, अर्थ ओळखायचा कसा?

‘मेक आऊट’ हे इंग्रजी क्रियापद पुण्यात मराठी बोलतानाही सर्रास ऐकू येतं. पीएमपी बसच्या स्टॉपवर काकू म्हणतात, "लांबून नंबर मेक आऊट होत नाहीये गं." शिवाजीनगर कोर्टात वकीलसाहेब अशिलाला सांगतात, "यात फसवणुकीची केस मेक आऊट होत नाही." आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत कॉलेजातली पोरं हाच शब्द ज्या अर्थाने वापरतात, तो कळला तर स्टॉपवरच्या काकू टेबल बदलतील. इंग्रजी तिघांचंही बरोबर आहे.

या लेखात मुद्दाम एकच क्रियापद घेतलंय. शंभर फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेल्या अशा जोड्यांची, यादी पाठ करून हिंजवडीत मुलाखतीला जाणारी बरीच मुलं मी पाहतो. यादीतला पहिला अर्थ त्यांना तोंडपाठ असतो, पण समोरच्याने दुसरा वापरला की चेहरा कोरा होतो. एका क्रियापदाची नीट चिरफाड केली, की तीच रीत ‘पिक अप’, ‘पुट अप’, ‘हुक अप’ या सगळ्यांना लावता येते.

अवघड वाटतं म्हणून लाजायचं कारण नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही इंग्रजीची खोड परक्यांना सगळ्यात जास्त छळते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते १९२५ मध्ये वापरलं आणि ते सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. नाव नवीन असलं तरी दुखणं जुनंच आहे.

आणि मराठी माणसाने तर तक्रार करूच नये. "एकदा बघून घे" म्हणजे तपासून घे, आणि "बघून घेईन तुला" म्हणजे सरळ धमकी. हा फरक आपण ‘बघणे’ आणि ‘घेणे’ यांचे अर्थ जुळवून शोधत नाही. कोण कोणाला काय आवाजात म्हणतंय आणि पुढे ‘तुला’ आलंय का, यावरून तो लगेच कळतो. ‘मेक आऊट’लाही हेच करायचं आहे: अर्थांची यादी बाजूला ठेवायची आणि वाक्यात त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं.

पहिली पायरी: हे खरंच ‘मेक आऊट’ आहे का?

‘मेक’ आणि ‘आऊट’ जवळजवळ आले म्हणून ते जोडपं असतंच असं नाही. तीन ठिकाणी हमखास फसगत होते.

"धिस टेबल इज मेड आऊट ऑफ टीक." इथे ‘आऊट ऑफ’ हे वेगळं आहे, म्हणजे सागवानापासून केलेलं. पुढे ‘ऑफ’ आणि एखादा पदार्थ दिसला की हा लेख तिथे लागू नाही.

"दे मेड इट आऊट अलाइव्ह." यातली जोडी ‘मेक इट’ अशी आहे, म्हणजे निभावणे, पोचणे, आणि ‘आऊट’चा अर्थ साधा ‘बाहेर’. ते जिवंत बाहेर पडले. याचाच एक प्रकार ऑफिसात रोज कानावर येतो: "कॅन यू मेक इट आऊट टू हिंजवडी बाय नाइन?" म्हणजे नऊपर्यंत हिंजवडीला पोचाल का? वाकडच्या पुलावरची गर्दी माहीत असणारा माणूस हा प्रश्न सहसा विचारत नाही, पण परदेशातला मॅनेजर विचारतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण चेकच्या अर्थाशी त्याची गल्लत होते. ती पुढे सोडवू.

तिसरं म्हणजे ‘मेक ऑफ’ आणि ‘मेक ऑफ विथ’. कानाला ‘आऊट’ आणि ‘ऑफ’ फोनवर सारखेच लागतात. "ही मेड ऑफ विथ द लॅपटॉप" म्हणजे लॅपटॉप घेऊन पळाला. इथे ‘ऑफ’च्या जागी ‘आऊट’ ऐकलंत तर लॅपटॉपबद्दल भलताच समज होईल.

कानाने ओळखायची एक खूण सांगतो. खऱ्या ‘मेक आऊट’मध्ये जोर ‘आऊट’वर पडतो. "आय कान्ट मेक इट आऊट" मोठ्याने म्हणून बघा, आवाज शेवटी चढतो. ‘मेड आऊट ऑफ टीक’मध्ये जोर सागवानावर जातो. ‘मेक-आऊट सेशन’ असं नाम झालं, की तो उडी मारून ‘मेक’वर येतो.

दुसरी पायरी: चार प्रश्न विचारा

पूर्ण वाक्य मिळाल्याशिवाय अर्थ ठरवायचा नाही. क्लासमध्ये कोणी "सर, मेक आऊट म्हणजे काय?" असं विचारलं, की मी उत्तरच देत नाही, वाक्य मागतो. वाक्य मिळालं की हे चार प्रश्न:

क्रियापदाला कर्म आहे का? म्हणजे काय मेक आऊट केलं, ते सांगितलंय का?
आधी ‘कॅन’, ‘कुड’, ‘कान्ट’, किंवा ‘जस्ट’, ‘बेअरली’ असं काही आहे का?
सुरुवातीला ‘हाऊ’ आहे का?
मागून ‘विथ’ आणि माणूस आलाय का? की ‘टू’, ‘टू बी’, ‘दॅट’, ‘लाइक’?

बहुतेक वाक्यं या चारांत उलगडतात. आता एकेक अर्थ घेऊ. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळे सारखे लागत नाहीत.

तिसरी पायरी: सभ्य अर्थ

सगळ्यात जास्त लागणारा अर्थ म्हणजे कसंबसं दिसणं, ऐकू येणं किंवा वाचता येणं. ‘कसंबसं’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. ‘सी’ आणि ‘मेक आऊट’ यांच्यातला सगळा फरक त्यातच आहे. स्वच्छ उन्हात समोरची भिंत तुम्ही ‘सी’ करता, ‘मेक आऊट’ करत नाही. मध्ये अंतर हवं, धुकं हवं, गोंगाट हवा, नाहीतर वाईट हस्ताक्षर तरी हवं. पावसाळ्यात सिंहगडावर उभं राहून पलीकडे नुसती राखाडी भिंत दिसते, मग क्षणभर ढग हलतात आणि कोणीतरी म्हणतं, "आय कॅन जस्ट मेक आऊट राजगड!" तोरणाही त्याच बाजूला दिसतो, तो शोधायला आणखी थोडा धीर लागतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाच्या दणक्यात शेजारचा माणूस काही ओरडतो: "आय कुडन्ट मेक आऊट अ वर्ड." एक अक्षर कळलं नाही.

खूण सोपी आहे: कर्म आहे, आणि आधी बहुधा ‘कॅन’ किंवा ‘कुड’. ‘आय ॲम मेकिंग आऊट द बोर्ड’ असं सहसा कोणी म्हणत नाही, ‘आय कॅन मेक आऊट’ म्हणतात. हे आत्ता किरकोळ वाटेल, पण चौथ्या पायरीत याचीच सगळ्यात जास्त मदत होते.

कर्म सर्वनाम असलं तर ते मध्येच बसतं: ‘मेक इट आऊट’, ‘मेक देम आऊट’. ‘मेक आऊट इट’ ही चूक ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच टोचते. लांबलचक कर्म मात्र मागे जातं: ‘मेक आऊट द नेम ऑन द बोर्ड’.

याचाच पुढचा टप्पा म्हणजे डोक्याने उलगडणं. "आय कान्ट मेक हिम आऊट" म्हणजे या माणसाचा काही थांग लागत नाही. इथे माणूस समोर स्पष्ट दिसतोय. कळत नाही तो त्याचा स्वभाव. "ॲज फार ॲज आय कॅन मेक आऊट" हा तुकडा तर पाठच करून टाका. "मला जेवढं कळतंय त्यावरून" एवढाच त्याचा अर्थ, पण मीटिंगमध्ये खात्री नसलेली गोष्ट मांडताना फार कामाचा. दावाही होतो आणि मागे फिरायची वाटही शिल्लक राहते.

दुसरा अर्थ लिहून देण्याचा: चेक, बिल, यादी, औषधाची चिठ्ठी. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक लिहिताना आपण विचारतो, "कोणाच्या नावे काढू?" त्याचं इंग्रजी "हू शुड आय मेक इट आऊट टू?" आपल्याकडे बँकेत ‘इन फेवर ऑफ’ चालतं, आणि ते चूक नाही, फक्त अमेरिकन किंवा ब्रिटिश माणूस बोलताना ‘मेक आऊट टू’ म्हणेल, तेव्हा दचकू नका. लेखक पुस्तकावर सही करतानाही हेच विचारतात. फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो, तिथे एखाद्या इंग्रजी लेखकाने सहीसाठी रांगेत "हू शॅल आय मेक इट आऊट टू?" असं विचारलं, तर नाव सांगायचं, पत्ता नाही.

आता मघाची गल्लत. ‘मेक इट आऊट टू’ हे शब्द चेकलाही येतात आणि पोचण्यालाही. ‘टू’नंतर गावाचं किंवा जागेचं नाव असेल तर पोचायचं, माणसाचं किंवा संस्थेचं असेल तर लिहायचं. शिवाय चेकच्या वाक्यात ‘इट’ म्हणजे खरीखुरी वस्तू असते, तिच्यावर बोट ठेवता येतं. पोचण्याच्या वाक्यात ‘इट’ पोकळ असतो.

पहिला आणि दुसरा अर्थ एकाच वाक्यात पक्के करायचे असतील तर हे घ्या, मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो: "द डॉक्टर मेड आऊट अ प्रिस्क्रिप्शन, अँड द केमिस्ट कुडन्ट मेक इट आऊट." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि केमिस्टला ती वाचता आली नाही. यापेक्षा चांगलं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

तिसरा अर्थ पुणेकरांच्या स्वभावाला जास्त जवळचा: भासवणं, आव आणणं, रंगवणं. "ही मेक्स आऊट दॅट ही इज बिझी" म्हणजे फार कामात असल्याचा आव आणतो. ‘सेज दॅट’ म्हटलं असतं तर बोलणाऱ्याने स्वतःचं मत दिलं नसतं. ‘मेक्स आऊट दॅट’ म्हटलं, की "माझा काही विश्वास नाही हं" हे न बोलता पोचतं. म्हणून बॉसबद्दल ईमेलमध्ये हा प्रयोग टाळा. ‘यू मेड आऊट दॅट द रिपोर्ट वॉज रेडी’ असं लिहिलंत तर तुम्ही त्यांना खोटं ठरवलं आहे.

याचीच दुसरी रचना ‘मेक आऊट टू बी’. "शी इज नॉट द व्हिलन दे मेक हर आऊट टू बी." लोक रंगवतात तेवढी काही ती वाईट नाही. ‘रंगवणे’ हे मराठी क्रियापद इथे इतकं चपखल बसतं, की वाक्यात ‘टू बी’ दिसलं की मनात ‘रंगवणे’ घालून बघा, अर्थ लागतो. "इट इज नॉट ॲज बॅड ॲज इट इज मेड आऊट टू बी" हे तर पुण्यात नव्याने आलेला माणूस इथल्या दुकानदारांबद्दल आठवड्याभराने म्हणू शकेल.

कोर्टातला अर्थ थोडक्यात. ‘मेक आऊट अ केस’ म्हणजे युक्तिवादाने, पुराव्याने आपलं म्हणणं उभं करणं. आपल्याकडच्या निकालांत आणि आदेशांत ‘नो प्रायमा फेसी केस इज मेड आऊट’ हे वाक्य पदोपदी भेटतं: प्रथमदर्शनी प्रकरण उभंच राहत नाही. वकील मंडळी मराठीत "मेक आऊट होत नाही" म्हणतात, ते इथून. ऑफिसातही "शी मेड आऊट अ स्ट्राँग केस फॉर वर्किंग फ्रॉम होम" असं म्हणता येतं, आणि त्यात खोटेपणाची छटा नाही. मागच्या अर्थाशी गोंधळ नको: ‘केस’ असेल तर बाजू मांडणं, ‘दॅट’ असेल तर आव आणणं.

शेवटचा सभ्य अर्थ मुख्यतः अमेरिकन, आणि अमेरिकेशी काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त गोत्यात आणणारा: निभावणं, जमणं. "हाऊ डिड यू मेक आऊट?" म्हणजे काय झालं, कसं जमलं? मुलाखत, परीक्षा, विमा कंपनीशी झालेलं बोलणं, कशाबद्दलही हा प्रश्न येतो आणि तो पूर्ण निरागस असतो. मोठ्या वयाच्या अमेरिकन सहकाऱ्यांच्या तोंडी जास्त.

खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली गेलाय, बातमी कुठून तरी बोस्टनपर्यंत पोचते आणि सकाळच्या कॉलवर मॅनेजर विचारतात, "हाऊ आर यू गाइज मेकिंग आऊट विथ ऑल द रेन?" या वाक्यात ‘मेकिंग’ आहे, ‘विथ’ आहे, कर्म नाही, चुंबनाच्या अर्थाच्या (तो चौथ्या पायरीत येईल) जवळजवळ सगळ्या खुणा जमल्या आहेत. पण सुरुवातीला ‘हाऊ’ आहे आणि ‘विथ’नंतर पाऊस आहे, माणूस नाही. पावसात कसं काय चाललंय, एवढंच त्यांना विचारायचंय. टीममधल्या तरुण मंडळींनी म्यूट दाबून हसू नये, उत्तर द्यावं, "वी आर मॅनेजिंग फाइन, थँक यू."

‘हाऊ’ नंतर ‘विथ’ आणि माणूस आला तरी घाबरू नका: "हाऊ डिड यू मेक आऊट विथ द व्हेंडर?" म्हणजे व्हेंडरशी बोलणं कसं झालं. ‘हाऊ’ पुढे असलं की बहुतेक वेळा ‘विथ’चा दंश निघून जातो. तरी स्वतः बोलताना हे वाक्य वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. "हाऊ डिड इट गो विथ द व्हेंडर?" म्हणा. अर्थ तोच, धोका शून्य.

‘मेक आऊट लाइक अ बँडिट’ हा याच अर्थातून निघालेला अमेरिकन वाक्प्रचार. बँडिट म्हणजे दरोडेखोर, पण इथे गुन्हा कोणी केलेला नसतो. सौद्यात किंवा भेटवस्तूंत घसघशीत फायदा झाला, घबाड हाती लागलं, एवढंच. तुळशीबागेतून अर्ध्या किमतीत पिशव्या भरून आलेल्या मावशींबद्दल हे कौतुकाने म्हणता येईल.

चौथी पायरी: आता तो दुसरा अर्थ

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकन बोलीत ‘मेक आऊट’ला प्रणयाचा अर्थ चिकटला. आज त्याचा अर्थ असा: दोघांनी बराच वेळ चुंबन घेणं, बिलगणं. साध्या एका चुंबनाला ‘मेक आऊट’ म्हणत नाहीत, त्यात वेळ आणि रंगणं दोन्ही येतं. दुसऱ्या बाजूने, शरीरसंबंधापर्यंत गोष्ट गेली असं आजच्या वापरात यातून सहसा सुचवलं जात नाही. ‘हुक अप’ इथे वेगळा पडतो. ‘हुक अप’ कुठे थांबतं ते ऐकणाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि बोलणाऱ्याला ती संदिग्धता बहुधा हवीच असते.

खुणा बघा. कर्म नाही. ‘कॅन’ नाही. क्रियापद बरेचदा ‘मेकिंग आऊट’ किंवा ‘मेड आऊट’ असं. आणि एकतर कर्ता अनेकवचनी, "दे वेअर मेकिंग आऊट इन द कार", नाहीतर ‘विथ’ आणि माणूस, "शी मेड आऊट विथ हिम ॲट द पार्टी". ‘सी’च्या अर्थात ‘मेकिंग आऊट’ जवळजवळ येत नाही, हे मघाशी सांगितलं ते यासाठी. "कॅन यू मेक आऊट दोज टू?" म्हणजे ते दोघं दिसतायत का? "आर दोज टू मेकिंग आऊट?" म्हणजे ते दोघं काय करतायत!

शब्द शिवराळ नाही. अमेरिकन मालिकांत कॉलेजवयीन पात्रांच्या तोंडी तो सहज येतो. पण घरगुती आहे, मित्रमंडळींतला आहे. ऑफिसात, मुलाखतीत, आजीसमोर नाही. ब्रिटिश माणसाला तो कळतो, तरी त्याचा स्वतःचा शब्द ‘स्नॉग’. लंडनला शिकायला निघालेल्यांनी तो वेगळा लिहून ठेवावा. नाम म्हणून ‘मेक-आऊट सेशन’ किंवा ‘मेक-आऊट स्पॉट’ येतं, आणि तिथे अर्थाची शंका उरत नाही.

मराठी वाक्यातही दोन अर्थ वेगळे पडलेत, हे ऐकायला गंमत वाटते. दिसण्याच्या अर्थाने आपण बहुधा ‘मेक आऊट होणे’ म्हणतो: "अक्षर मेक आऊट होत नाही." तरुण पोरांच्या बोलण्यात प्रणयाच्या अर्थाने बहुधा ‘मेक आऊट करणे’ येतं. काकूंनी ‘होणे’ सोडलं नाही तोवर त्या सुरक्षित आहेत.

इंग्रजीत मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ऐकू आलं नाही असं सांगताना ‘विथ’ लावू नका. नेटवर्क गेलं तर ‘आय कुडन्ट मेक आऊट व्हॉट यू सेड’ म्हणा, किंवा नुसतं ‘आय कुडन्ट मेक इट आऊट’. ‘आय कुडन्ट मेक आऊट विथ यू’ असं क्लायंटला म्हणालात तर तिकडे शांतता पसरेल, आणि ती नेटवर्कची नसेल.

पाचवी पायरी: बोलतंय कोण?

वाक्यातून निकाल लागला नाही तर माणसाकडे बघा. साठीचे अमेरिकन गृहस्थ ‘हाऊ डिड यू मेक आऊट’ म्हणत असतील तर ती चौकशी आहे. वीस वर्षांची अमेरिकन मुलगी मैत्रिणीला ‘वी मेड आऊट’ सांगत असेल तर ती चौकशी नाही. भारतीय सहकारी म्हणत असेल तर पैजेवर सांगतो, शंभरातल्या बहुतेक वेळा दिसणं, ऐकणं किंवा कळणं. आणि कागदावर, करारात, निकालात, वर्तमानपत्रात प्रणयाचा अर्थ जवळजवळ येतच नाही.

सहावी पायरी: कोश आणि वाक्यसंग्रह कसे वापरायचे

खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश इथे पुरत नाही. त्यात ‘समजणे, वाचता येणे’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. अप्पा बळवंत चौकात लर्नर्स डिक्शनरी मागा. या जातीचे कोश इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी केलेले असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा असा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने तो चालवला. परक्या विद्यार्थ्याला नुसता अर्थ नको, वाक्याचा साचा हवा, ही त्यामागची जाण आजही त्या नोंदींत दिसते.

नोंद वाचताना अर्थाआधी मथळा वाचा. ‘मेक समबडी आऊट’, ‘मेक समथिंग आऊट’, ‘मेक आऊट विथ समबडी’, ‘मेक आऊट दॅट’ असे वेगवेगळे मथळे असतात, आणि आपले चार प्रश्न तिथे आधीच सोडवलेले असतात. मग कंसातली खूण बघा: ‘इन्फॉर्मल’, ‘नॉर्थ अमेरिकन’, ‘ओल्ड-फॅशन्ड’. विद्यार्थी हे सोडून थेट अर्थावर जातात, आणि स्लँगमध्ये तोंडघशी पडायचं एक मोठं कारण हेच असतं.

कोशाने शंका मिटली नाही तर कॉर्पस उघडा. कॉर्पस म्हणजे लोकांनी खरोखर लिहिलेल्या-बोललेल्या वाक्यांचा प्रचंड साठा. ‘कोका’ नावाचा अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस १९९० ते २०१९ या काळातल्या शंभर कोटींहून जास्त शब्दांचा आहे. नाव नोंदवून मर्यादित वापर फुकट करता येतो. त्यात ‘मेकिंग आऊट विथ’ असं टाका आणि आलेल्या ओळी नुसत्या चाळा. मग ‘कॅन मेक आऊट द’ टाका. दोन पडद्यांवर दोन वेगळी जगं दिसतील. ब्रिटिश वापरासाठी दहा कोटी शब्दांचा ‘बीएनसी’ आहे, आणि वीस देशांच्या इंग्रजीची तुलना करणाऱ्या ‘ग्लोब’ या संग्रहात भारतही आहे. आपण वापरतो तसं इतर कोणी वापरतं का, ही शंका तिथे फिटते.

सातवी पायरी: वहीत काय उतरवायचं

अर्थ लिहू नका, वाक्यं लिहा, आणि ती आपल्या आयुष्यातली लिहा. ‘मेक आऊट इज इक्वल टू समजणे’ असं लिहिलेलं पान आठवड्यात विरून जातं. "आय कान्ट मेक आऊट माय फादर्स हँडरायटिंग" हे राहतं, विशेषतः वडिलांचं अक्षर खरंच तसं असेल तर.

पानाचे दोन भाग करा. एकात स्वतः बोलायचे अर्थ: दिसणं-कळणं, चेक, आणि ‘टू बी’वालं रंगवणं. दुसऱ्यात फक्त ऐकून ओळखायचे: ‘हाऊ’वाली चौकशी, बँडिट, आणि प्रणय. स्लँग समजलंच पाहिजे, पण परक्या भाषेतलं स्लँग तोंडाने वापरायची घाई करू नये, असं मला वाटतं. आपण बोलतो तेव्हा सूर थोडा जरी हुकला तरी वाक्य बनावट लागतं, आणि ते दुरुस्त करायची संधी मिळत नाही.

आता वहीवर हात ठेवून ही वाक्यं सोडवा.

"शी मेड आऊट शी हॅड नेव्हर मेट मी." ‘दॅट’ गाळलंय, पण पुढे अख्खं वाक्य आहे. मला कधी भेटलीच नाही असा आव आणला.

"फ्रॉम व्हॉट आय कॅन मेक आऊट, द फ्लॅट इज स्टिल एम्प्टी." ‘कॅन’ आहे. मला कळतंय त्यावरून फ्लॅट अजून रिकामाच आहे.

"हाऊ डिड यू मेक आऊट विथ द लँडलॉर्ड?" ‘हाऊ’ पुढे आहे. घरमालकांशी काय ठरलं? डिपॉझिट परत मिळालं का, असं त्यांना विचारायचंय.

"कॅन यू मेक इट आऊट टू माय वाइफ?" ‘टू’नंतर माणूस आहे. चेक असेल तर बायकोच्या नावे काढा, पुस्तक असेल तर तिच्या नावाने सही करा.

आणि शेवटची जोडी, खास फोनवर बोलणाऱ्यांसाठी: "दे मेड आऊट ऑल राइट" आणि "दे मेड आऊट ऑल नाइट". पहिल्यात त्यांचं ठीक निभावलं. दुसऱ्यात काय झालं ते तुम्ही आता सांगू शकता. दोन्हींत फरक एका अक्षराचा आहे, त्यामुळे लाइन खराब असेल तर आधी "सॉरी, आय कुडन्ट मेक दॅट आऊट" म्हणा आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावा.